तलावाकाठची दवंडी

मित्रहो, आज बातमी नाही. जरा लांबचं लिहितोय, सवडीने वाचा.

येत्या रविवारी आमच्या तलावाकाठच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा आहे. सचिव म्हणून माझी ही शेवटची. चार वर्षं काम केलं, आता दफ्तर पुढच्या माणसाकडे देतोय. काल रात्री फायली लावत बसलो होतो, तेव्हा ते पत्र परत हाती आलं. एकाच पानाचं. वर आवकेचा शिक्का, शिक्क्याखाली माझीच सही, वार गुरुवार.

माझ्या सचिवपणाचं ते पहिलंच वर्ष होतं. ऑगस्ट महिना. पत्रात लिहिलं होतं की तलावाच्या सांडव्याची दुरुस्ती अर्धवट आहे, तोंडाशी मातीची पोती रचली आहेत, पाऊस वाढला तर पाणी नेहमीपेक्षा वर चढू शकतं, तरी काठावरच्या सखल घरांनी सावध राहावं. मी वाचलं, सही केली, फायलीत लावलं. मनात म्हटलं, रविवारी बोर्डावर लावू. त्या दोन दिवसांत मला जिल्हा परिषदेच्या सभेची बातमी होती, एका अपघाताची होती, कुणाच्या तरी सत्काराचीही होती.

शनिवारी रात्री पाऊस आला. पहाटे तीनच्या सुमारास तलावाकडच्या सात घरांत गुडघाभर पाणी होतं. जीव कुणाचा गेला नाही. पण शेवटच्या ओळीतल्या एक काकू घरी शिवणकाम करतात. पोळ्याच्या आधीचे दिवस, लोकांनी शिवायला दिलेलं कापड जमिनीवर गाठोड्यात बांधून ठेवलेलं. सगळं गढूळ पाण्यात. सकाळी मी पाहायला गेलो तर त्या पायरीवर बसून एकेक कापड पिळत होत्या. पत्राचं त्यांना तोपर्यंत कळलं होतं. मान वर न करता म्हणाल्या, "काहून जी भाऊ, तुमी त पेपरवाले. साऱ्या जिल्ह्याले सांगता. आमालेच काहून नाही सांगतलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्याच दुपारी तलावाच्या पाळीवर एक म्हातारे ढिवर भेटले. त्यांची जाळी उंचावर नीट वाळत होती. मी विचारलं, तुमचं काही नुकसान? ते म्हणाले, "आमाले मालूम होतं जी. पोते टाकले त्याच दिवशी जाळे वर नेले. तुमाले सांगाले पायजे होतं, पन तुमच्या गेटातून आमाले आत कोन येऊ देते?"

म्हणजे बघा. पाणी चढणार हे मासेमारांना डोळ्यांनी कळलं होतं. मला कागदाने कळलं होतं. ज्यांच्या घरात ते शिरणार होतं, त्यांना मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. या तलावाच्या काठी माणसं काही आज राहायला आलेली नाहीत. मग पूर्वी कोण सांगायचं? कसं सांगायचं? जमेल तसं वाचत गेलो, म्हाताऱ्यांशी बोलत गेलो. जे हाती लागलं ते आज मांडतो.

आपला भंडारा-गोंदियाचा भाग तलावांचा म्हणून ओळखला जातो. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून, असे जुने तलाव हजारोंनी आहेत. सरकारी कागदात यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि आपण आद्याक्षरं घेऊन नुसतं 'मामा तलाव'. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा हात. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ १९१६ साली निघाला, त्यातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे अशीच दिली आहे. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळत असे, असं सांगतात. त्यामुळे जंगलाच्या उतारावर जागा शोधून पाळ घालणं हा पुण्याचा तर होताच, पोटापाण्याचाही उद्योग होता.

१८५३ साली नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. त्या दशकातल्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली आणि गावासोबत तलावही त्यांचे झाले. पण मालकी मिळाली म्हणून मालगुजार वाटेल ते करू शकत नव्हता. गावच्या चालीरीती 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या दस्तात नोंदवलेल्या असत. कुणाला पाणी घ्यायचा हक्क, कुणाला मासे धरायचा, गुरं कुठे पाजायची, वाट कुठून. कोण्या गावात पाण्याचा तंटा झाला की हा दस्त बाहेर यायचा.

आणि कागदाच्या पलीकडे माणसं होती. पाणी वाटणारा पाणकर होता. कोणाच्या बांधीत आज पाणी सोडायचं, किती वेळ, तुडूम कधी उघडायचं नि कधी बंद करायचं, हे तो बघायचा. पावसाळ्यात पाळीवर फेरी मारणं हेही त्याच्याच गळ्यात. मोबदला धानाच्या रूपात. आणि गावाला कळवायचं काम कोतवालाचं. तो संध्याकाळी फिरून दवंडी द्यायचा: उद्या पाणी सुटणार, परवा पाळीवर माती टाकायला घरटी एक माणूस यायचा, सांडवा वाहतोय, गुरं तिकडे नेऊ नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर उद्या कुणी म्हणेल पत्रकार जुन्या काळाचे गोडवे गातोय. तो काळ सगळ्यांना सारखा नव्हता. पाळीवर माती टाकायला जाणं अनेकांसाठी वेठ होती. निर्णय मालगुजाराच्या ओसरीत होत, आणि ओसरीवर बसायचा मान कुणाला होता हे वेगळं सांगायला नको. बाया तर दारातूनच ऐकायच्या. दवंडीत विचारणं नव्हतं, नुसतं सांगणं होतं. पण सांगणं तरी होतं. ढिवराच्या टोलीपासून पाटलाच्या वाड्यापर्यंत एकच आवाज, एकाच संध्याकाळी जायचा. आपल्या वाट्याला समानता आली, आणि तेवढा तो आवाज मागे राहिला.

तो का राहिला? १९५० साली मध्य प्रदेश सरकारने मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा केला. आपण तेव्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. पुढच्या वर्षी, १९५१ मध्ये, मालगुजारी संपली आणि तलाव सरकारचे झाले. हे होणं गरजेचंच होतं, त्यावर माझं दुमत नाही. लोकांचे निस्तार हक्कही कागदावर शाबूत राहिले. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १९६६ च्या कायद्यात, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन्हींना जागा आहे. म्हणजे तुमचा-माझा हक्क कुठेतरी लिहिलेला आहे.

पण मालक बदलला तसा पाणकर कुणाचा, हा प्रश्न सुटा राहिला. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने गेली. शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांसाठी २००५ चा वेगळा कायदा झाला. काठावर घरं झाली, तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायत आली. एकाच तलावाला आता चार-पाच दारं झाली. प्रत्येक दारात रजिस्टर आहे, शिक्का आहे. या दारातून त्या दारात निरोप न्यायचं काम मात्र कुणाच्याच नेमणुकीत लिहिलेलं नाही.

आता आमच्या कॉलनीकडे येतो. तलावाचं पाणी उन्हाळ्याकडे ओसरलं की काठाच्या ओल्या गाळात लोक पेरा करत. गाळपेर म्हणतात त्याला. आमचा ले-आउट त्या गाळपेराला लागून पडला. जमीन अकृषक झाली, प्लॉट पडले, नोकरदार, दुकानदार, निवृत्त गुरुजी असे आम्ही सगळे 'तलावाचा व्ह्यू' बघून आलो. पाणी कुठवर येतं हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. विचारलं असतं तर तो म्हातारा ढिवर बोटाने दाखवू शकला असता. आम्ही मात्र संस्था नोंदवली आणि आधी गेट बसवलं.

या संस्था प्रकाराचाही एक इतिहास आहे, आणि तो अभिमान वाटावा असा आहे. देशात सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा, तो फक्त पतसंस्थांपुरता. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठी सहकारी संस्था काढायची वाट मोकळी झाली. १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. या कामात रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचं नाव घेतात. घरमालक भाडं वाढवतोय, जागा मिळत नाही, तर आपणच मिळून आपले मालक होऊ, हा साधा विचार. १९२५ मध्ये मुंबई प्रांताने स्वतःचा सहकार कायदा केला. महाराष्ट्र झाल्यावर १९६० चा आपला कायदा आला, आणि २०१९ मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं.

हे कायदे आणि त्यांचे आदर्श उपविधी वाचताना माझ्या एक लक्षात आलं. यातला मोठा भाग कळवण्याबद्दल आहे. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी. सभा ३० सप्टेंबरच्या आत. हिशेब तपासून सभेपुढे. इतिवृत्त लिहायचं. सभासदाने मागितलं तर दफ्तर दाखवायचं, नक्कल द्यायची. मला आधी वाटायचं ही सरकारी कटकट. आता उमजतं की हे नियम अनोळखी माणसांसाठी केले आहेत. गावात सगळे एकमेकांना ओळखत, म्हणून एका दवंडीत काम भागायचं. कॉलनीत शेजाऱ्याचं आडनाव माहीत नसतं. तिथे कागदालाच दवंडी व्हावं लागतं.

आणि आम्ही त्या कागदाचं काय केलं? नोटीस बोर्ड काचेचा, कुलूपबंद, किल्ली सचिवाकडे, तीही स्कूटरच्या डिक्कीत. वार्षिक सभेला गणपूर्ती नाही, म्हणून अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी तेवढ्याच सात डोक्यांची सभा, 'सर्वानुमते मंजूर'. इतिवृत्ताची भाषा अशी की लिहिणाऱ्यालाही परत वाचून कळू नये. व्हॉट्सॲपवर ग्रुप होता. त्यात सकाळी फुलं, दुपारी राजकारण, रात्री हरवलेल्या मांजराचा फोटो. पत्र त्या रात्री मी ग्रुपवर टाकलं असतं तरी किती जणांनी पाहिलं असतं? काकूंकडे तर तेव्हा साधा बटणांचा फोन होता.

पाणी ओसरल्यावर विशेष सभा झाली. त्या सभेला मात्र सगळे आले. मी पत्र वाचून दाखवलं, तारीख वाचून दाखवली आणि चूक माझी आहे असं सांगितलं. राजीनामाही पुढे केला. एक जण म्हणाले, राजीनामा देऊन सुटू नका, आता बसवून द्या काय बसवायचं ते. मग हळूहळू काही गोष्टी बसवल्या. दुसऱ्या कॉलन्यांना उपयोग होईल म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट. आलेलं पत्र त्याच दिवशी बोर्डावर, मग ते बिनमहत्त्वाचं वाटलं तरी. बोर्डाचं कुलूप काढलं. ग्रुप दोन केले: एक गप्पांचा, एक फक्त सूचनांचा, तिथे सचिव आणि अध्यक्षांशिवाय कुणी लिहू शकत नाही. आणि ज्यांच्याकडे तसला फोन नाही त्यांची यादी केली, दहा-बारा घरं निघाली. त्यांना दारावर जाऊन सांगायचं. कोण जाणार, हेही यादीत नावानिशी.

दुसरी, सांडव्याजवळच्या खांबावर रंगाने रेघा ओढल्या. हिरवी, पिवळी, लाल. पावसाळ्यात रोज एका घराने संध्याकाळी जाऊन पाणी कुठवर आहे ते बघायचं आणि कळवायचं. पाणकराची पाळी आता आमच्यात फिरते म्हणा.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड गेली. मृगाच्या आधी मच्छीमार संस्था, खालचे शेतकरी आणि आम्ही, अशी एकत्र बैठक. आमच्यातल्या काहींनी नाकं मुरडली. 'त्यांना कशाला आत बोलवायचं?' शेवटी पहिली बैठक गेटाबाहेर पिंपळाखाली झाली. तिथे कळलं की आम्हाला पाणी खाली हवं असतं घरांसाठी, शेतकऱ्यांना वर हवं असतं धानासाठी, आणि मासेमारांना ते एकदम सुटलेलं नको असतं, कारण मासे वाहून जातात. तिघंही खरे. तोवर आम्ही एकमेकांना नुसते कानाआड नावं ठेवत होतो. दुसऱ्या वर्षीची बैठक गेटाच्या आत, संस्थेच्या खोलीत झाली. चहा दिला, तो म्हाताऱ्या ढिवराने पहिल्या खुर्चीवर बसून घेतला.

चौथी, दर महिन्याचा जमाखर्च एका पानावर, मोठ्या अक्षरात. याने त्रास झाला. कबूल करतो. एक ज्येष्ठ सभासद मला आधीच म्हणाले होते, "सगळं सांगत बसलात तर भांडणं वाढतील." वाढली. पंपाच्या दुरुस्तीच्या बिलावरून दोन महिने वाद चालला, दोघांनी देखभाल शुल्क अडवून धरलं. बिल बरोबर निघालं, पण पंप तीन ठिकाणी दर न विचारता दुरुस्तीला दिला होता, हेही निघालं. तो निर्णय माझाच होता. परत एकदा मान खाली. पण त्यानंतर शुल्क वेळेवर यायला लागलं, आणि गेल्या सभेला गणपूर्ती पहिल्याच ठोक्याला झाली. भांडायला का होईना, माणसं येतात.

खोटी हाकही एकदा झाली. मध्यरात्री दोनला सगळ्यांना उठवलं, सामान वर चढवायला लावलं, आणि पाऊस थांबला. सकाळी लोकांनी मला चांगलंच सुनावलं. मी ऐकून घेतलं. न सांगितल्याबद्दल काय ऐकावं लागतं ते मी आधी ऐकलेलं आहे. त्यापुढे हे काहीच नाही.

वीस वर्षं मी बातम्या लिहितोय. माहितीचा अधिकार, पारदर्शकता, यावर अग्रलेख छाप बरंच लिहिलं. अधिकाऱ्यांना विचारलं, पत्र का दाबलं? माझ्या हातात एका फायलीपुरती सत्ता आली तेव्हा मीही तेच केलं. दाबायचा हेतू नव्हता. 'रविवारी लावू' एवढंच होतं. आता वाटतं, बहुतेक दफ्तरांत बहुतेक पत्रं अशीच अडकत असतील. कुणाच्या तरी रविवारसाठी.

मालगुजारी गेली, तलाव लोकांचा झाला, असं आपण म्हणतो. कागदावर झालाही. पण पाणी कधी चढणार, कधी सुटणार, पैसा कुठे गेला, हे ज्याला कळतं त्याच्याच हाती खरा ताबा असतो. बाकीचे नुसते काठावर राहतात. आमच्या कॉलनीत ते चार वर्षं हा एकटा सचिव होता. आणखी एक नवा मालगुजार म्हणा हवं तर, फक्त ओसरीऐवजी स्कूटरची डिक्की.

तेव्हा तुम्हाला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. तुमच्या गावच्या तलावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तलाठ्याकडे, तहसिलात जाऊन एकदा बघा. आपला काय हक्क लिहिला आहे ते नातवंडांना तरी कळू द्या. आणि तुम्ही कुठल्याही संस्थेत, मंडळात, शाळा समितीत सचिव असाल, तर आज घरी गेल्यावर फाईल उघडा. सांगायचं राहिलेलं एखादं पत्र त्यात आहे का बघा.

रविवारी दफ्तर देताना ते गुरुवारचं पत्र सगळ्यात वर ठेवणार आहे. नव्या सचिवाने ते काढून टाकू नये, असा ठरावही मांडायचा विचार आहे. काकू ठरावाला अनुमोदन देतो म्हणाल्या. आता त्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, आणि बुधवारची खांबाची पाळी त्यांची. परवा संध्याकाळी सूचनांच्या ग्रुपवर टाकायला त्यांनी मला निरोप पाठवला: "पाणी पिवळ्या रेघेवर. सबन लोकायले सांगा."

सांगितलं. त्याच मिनिटाला.